रुग्णवाहिका येईपर्यंत कोण?

‘१०८’ हा आकडा आज महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही पाठ आहे. २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी ही विनामूल्य सेवा सुरू झाली. तिने वाचविलेल्या जीवांचे मोल आम्ही जाणतो. परंतु गाडी कितीही वेगाने धावली तरी तिला रस्ता लागतो आणि वेळ लागतो. मृत्यूला दोन्हींची गरज नसते! हृदय बंद पडले की चार-सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. सातपुड्यातील पाड्यावर किंवा सह्याद्रीतील वाडीवर तेवढ्या अवधीत गाडी पोचेल, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

म्हणून पहिला मदतनीस गावातच हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाहते रक्त दाबून धरणे, थांबलेल्या हृदयासाठी छातीवर दाब देत राहणे, सर्पदंश झालेल्याला मांत्रिकाकडे न नेता, जखमेला पाते न लावता, प्रतिविष असलेल्या रुग्णालयाकडे त्वरित धाडणे, याला वैद्यकीय पदवी लागत नाही. शिक्षण आणि सराव लागतो. ‘अर्धशिक्षितांच्या हाती जीव द्यावयाचा काय?’ असे विद्वान विचारतील. त्यांना गडचिरोलीने केव्हाच उत्तर दिले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी शिकविलेल्या गावातल्याच स्त्रियांनी नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटविले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने तो वृत्तांत प्रसिद्ध केला.

मात्र नुसत्या सेवाभावावर हे काम सोडून शासनाला हात झटकता येणार नाहीत. आशा सेविकांच्या डोक्यावर आणखी एक ओझे लादणे हा तर उपायच नव्हे. प्रत्येक दुर्गम गावातून एक तरुण व एक तरुणी निवडावी. ग्रामीण रुग्णालयात त्यांना शिकवावे, दरवर्षी उजळणी घ्यावी, साहित्याची पेटी व मानधन द्यावे आणि ‘१०८’च्या नियंत्रण कक्षाशी त्यांना जोडावे.

लहान गावात हे काम पत्करणे सोपे नाही. चादर बाजूला केली की ओळखीचाच चेहरा दिसणार. शाळेतला सोबती, शेजारची काकू, कदाचित जन्मदाता बाप! प्रयत्न फसला तर उद्या त्याच पारावर त्याच माणसांच्या नजरेला नजर द्यावयाची. पण त्या ओळखीतच या मदतनिसाचे बळ आहे. जवळची पायवाट कोणती आणि कोणाला मधुमेह आहे, हे त्याला न विचारता ठाऊक असते.

जत्रेसाठी घरटी वर्गणी काढणाऱ्या गावांनी अशी दोन माणसे उभी करावीत आणि शासनाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे. गाडी निघाली आहे, एवढ्याने भागत नाही. ती येईपर्यंत रुग्ण जिवंत राहिला पाहिजे!