भागीदार हवा, आडनावाची छत्री नको

लखनौच्या जानकीपुरममध्ये तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, लखनौ विद्यापीठाचा दुसरा परिसरही. तिथल्या आपल्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास कानावर येतो: कंपनी एकट्यानं काढावी की भागीदारासोबत? ठरलेलं उत्तर मिळतं: दोघं हवेत, एकटा माणूस थकतो.

सल्ला खोटा नाही. पण तो देणाऱ्यांना भागीदार वडिलांच्या ओळखीत, मामाच्या पेढीवर आयता मिळतो. आपल्याला शोधावा लागतो. आणि शोधताना आपण बरेचदा कौशल्य नव्हे, आडनाव शोधतो. बँकेत, ग्राहकासमोर 'चालेल' असं.

या मोहामागे इतिहास आहे. लंडनहून १९१७ मध्ये परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देणारी पेढी काढली. कोलंबियातलं अर्थशास्त्र पाठीशी होतं. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासं झालं. पेढी बंद पडली. ती एकट्याची होती म्हणून बुडाली, असं कोण म्हणेल?

मग सवर्ण आडनाव पुढे करायचं का? मुळीच नाही. ५ एप्रिल २०१६ ला सुरू झालेल्या 'स्टँड-अप इंडिया'नं अनुसूचित जाती-जमाती आणि महिला उद्योजकांसाठी १० लाख ते १ कोटींच्या कर्जाची सोय केली. कंपनी असेल तर अट अशी होती की, ५१ टक्के हिस्सा आणि नियंत्रण त्यांच्याच हाती हवं. हिस्सा आपला, चेकबुक, पासवर्ड, ग्राहक मात्र त्याचे, असं असेल तर आपण संस्थापक नाही. आपण फक्त जातीचा दाखला पुरवला.

भागीदार नाही म्हणून थांबू नका. कंपनी कायदा, २०१३ नं एका व्यक्तीची कंपनी काढायची मुभा दिली आहे. भागीदार घ्याल तर कामासाठी घ्या. कोण काय करणार, मधेच सोडून गेला तर हिश्शाचं काय, खात्यावर सही कोणाची, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. निम्मा-निम्मा हिस्सा टाळा. मतभेद झाला की साधा ठरावही अडतो. ५१ टक्क्यांवर संचालक काढता येतो, पण कंपनीची नियमावली बदलायला तीन चतुर्थांश मतं लागतात, हेही ध्यानात ठेवा.

'मैत्रीत कागद कशाला?' असं कोणी म्हणेल. आपल्या आज्या-आजोबांची मजुरी तोंडी हिशोबातच बुडाली. करारातली बारीक अक्षरं वाचू शकणारी आपल्या घरातली ही पहिली पिढी आहे. वाचल्याशिवाय सही करू नका.

जय भीम.