सगळ्या केबल एकाच किनाऱ्यावर

इंटरनेट पूर्ण बंद पडत नाही, या अनुभवावर आपण जरा जास्तच विसंबलो आहोत. त्या अनुभवामागची कल्पना भक्कम आहे, यात शंका नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी ती स्वतंत्रपणे मांडली. दोन टोकांमध्ये टेलिफोनसारखी अखंड लाइन अडवून ठेवायची नाही. संदेशाचे लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि वाटेतल्या यंत्रांनी त्या क्षणी जो मार्ग मोकळा असेल तिकडे तो तुकडा ढकलायचा. हीच पॅकेट. एका पॅकेटमध्ये साधारण दीड हजार बाइट मावतात, म्हणजे मोबाइलवरून पाठवलेला एक फोटोसुद्धा हजारभर पॅकेटांत विभागून जातो. प्रत्येक पॅकेटवर क्रमांक असतो, पलीकडून पोच येते आणि एखादे हरवले तर तेवढेच पुन्हा पाठवले जाते. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतल्या अर्पानेटने हे नियम स्वीकारले आणि आजही जग त्यांच्यावरच चालते. पण या साऱ्या हुशारीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: पॅकेटला निवडायला रस्ते अनेक असले पाहिजेत. घाट एकच असेल तर गाड्या कितीही असोत, दरड कोसळली की सगळ्याच अडकतात. भारताने, आणि त्यातही मुंबईने, नेमकी इथेच हयगय केली आहे.

देशाबाहेर जाणारा आपला जवळजवळ सगळा डेटा समुद्रतळावरच्या केबलमधून जातो. खोल समुद्रात ही केबल बागेत पाणी घालायच्या नळीपेक्षा फारशी जाड नसते. आत केसासारखे काचेचे तंतू, भोवती तांब्याचे आवरण, आणि त्या तांब्यातून वीज पुरवून दर साठ ते शंभर किलोमीटरवर प्रकाशाचा जोर वाढवणारी यंत्रे. किनाऱ्याजवळ तिच्यावर पोलादी तारांचे चिलखत चढते, कारण धोका तिथेच अधिक. जगभरात दरवर्षी दीडशे ते दोनशे ठिकाणी केबल तुटतात आणि त्यांतल्या बहुतांश घटना मासेमारीच्या जाळ्यांमुळे व जहाजांच्या नांगरांमुळे घडतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०२३च्या शिफारशींनुसार २०२२ अखेर भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ स्थानकांवर उतरत होत्या. ही स्थानके होती पाच शहरांत: मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम. मुंबईतल्या बहुतेक केबल वर्सोव्याच्या आसपासच्या काही किलोमीटरच्या पट्ट्यात वाळूखालून वर येतात. १८७०मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन तारेची केबल टाकली, तेव्हा मुंबईशिवाय पर्याय नव्हता. दीडशे वर्षांनंतरही पश्चिम किनाऱ्याचा भार मुख्यतः या एकाच शहरावर असावा, याला मात्र सवयीपलीकडे फारसे कारण दिसत नाही. काही नव्या केबल रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरही उतरवायला हव्यात.

केबल तुटली की काय होते, हे आपण पाहिलेले आहे. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारताच्या परदेशी क्षमतेला मोठे भगदाड पडले. सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात ‘सी-मी-वी ४’ आणि ‘आय-मी-वी’ यांना इजा झाली. दोन्ही मुंबईत उतरणाऱ्या. अशा वेळी पॅकेट थांबत नाहीत, लांबच्या वाटेने जातात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, तेव्हा युरोपकडे जाणारा डेटा सिंगापूर आणि अमेरिकेमार्गे वळला की जाण्यायेण्यात मिलिसेकंदांची मोठी भर पडते. त्याहून वाईट म्हणजे उरलेल्या वाटांवर गर्दी होते, पॅकेट गळतात, आणि गळती दिसली की पाठवणारी यंत्रे नियमानुसार आपला वेग स्वतःच कमी करतात. म्हणून ‘नेट आहे, पण चालत नाही’ अशी गत होते. ती कुठल्याही आकडेवारीत ‘बंद’ म्हणून नोंदली जात नाही, आणि त्यामुळे धोरणकर्त्यांच्या नजरेतही येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की सामान्य माणसाचे काय अडते? यूपीआयचे व्यवहार देशातच पार पडतात. लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती इथल्याच सर्व्हरवर साठवलेल्या असतात. हे बरोबर आहे आणि त्यामुळे धोका खरोखर कमीही झाला आहे. पण हिंजवडीतल्या कंपनीचे काम जर्मनीतल्या ग्राहकाच्या सर्व्हरवर चालते, नाशिकचा द्राक्ष निर्यातदार नेदरलँड्सच्या खरेदीदाराशी कागदपत्रांची देवाणघेवाण करतो, आणि आखातातल्या माणसाचा घरी येणारा व्हिडिओ कॉल कुठल्याही सर्व्हरवर आधी साठवून ठेवता येत नाही. उपग्रहांचे नाव घेणाऱ्यांनी एकदा क्षमतेचा हिशेब करावा. उपग्रहाची क्षमता गिगाबिटांत मोजतात, नव्या केबलची शेकडो टेराबिटांत, आणि एक टेराबिट म्हणजे हजार गिगाबिट. दुर्गम पाड्यावर उपग्रह उत्तम. मुंबईचा भार तो उचलणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. केबल कंपन्या जिथे गिऱ्हाईक तिथे उतरतात. डेटा सेंटर ऐरोली-महापेला आहेत, मग रत्नागिरीत केबल आणून करायचे काय? शिवाय २००८ आणि २०२५चे तडाखे इजिप्त आणि तांबड्या समुद्रात बसले, वर्सोव्यात नव्हे. दुसरा मुद्दा मान्यच करायला हवा: किनारा बदलल्याने तांबड्या समुद्राची कोंडी सुटत नाही. त्यासाठी आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या ‘टू-आफ्रिका’सारख्या केबलचा आधार लागेल. मात्र एक कोंडी आपल्या हाताबाहेर आहे म्हणून हातातली दुसरी तशीच ठेवणे हा युक्तिवाद नव्हे. तांबड्या समुद्रात काही केबल गेल्या तर पूर्वेकडची वाट तरी उरते. वर्सोव्याच्या पट्ट्यात एखाद्या वादळाने किंवा बेपर्वा खोदकामाने घोटाळा केला, तर एरवी वेगवेगळ्या वाटांनी जाणाऱ्या केबल एकाच वेळी निकामी होऊ शकतात. गिऱ्हाइकाचे म्हणाल तर कोकण रेल्वेच्या मार्गालगत ऑप्टिकल फायबर आहे. रत्नागिरीहून घाटावर कोल्हापूर आणि पुढे पुणे गाठणे अभियांत्रिकीच्या दृष्टीने कठीण नाही. खर्च जास्त येईल, हे खरे. तो एकट्या कंपनीने का सोसावा, हा तिचा प्रश्नही रास्त आहे. म्हणूनच ट्रायने सुचवलेली तोड महत्त्वाची वाटते: किनाऱ्यापासून समुद्रात काही अंतरापर्यंत केबलचा तुकडा आधीच टाकून ठेवायचा, म्हणजे नव्या केबलला थेट तिथे जोडता येते आणि किनारपट्टीच्या परवानग्यांचा फेरा प्रत्येक वेळी नव्याने करावा लागत नाही.

ट्रायनेच आणखी एका उणिवेवर बोट ठेवले आहे. केबल दुरुस्त करणारे भारतीय ध्वजाचे एकही जहाज २०२३मध्ये नव्हते. परदेशी जहाज मागवायचे, त्याच्यासाठी सुरक्षा आणि सीमाशुल्काच्या मंजुऱ्या मिळवायच्या, आणि पावसाळा असेल तर खवळलेला अरबी समुद्र शांत होण्याची वाट पाहायची. एवढ्या काळात तुटलेले टोक तसेच तळाशी. असे जहाज उभे करणे हे केंद्राचे काम आहे. किनारा मात्र राज्याच्या अखत्यारीत येतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात केबल उतरवण्यासाठी एकेक जागा मुक्रर करून, तिथल्या मच्छीमार संस्थांशी बोटी किती दिवस बाजूला ठेवायच्या आणि भरपाई किती द्यायची हे आधी लेखी ठरवून, महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाला हे काम येत्या अर्थसंकल्पातच हाती घेता येईल.