उजेड कोणासाठी?

रायपूर शहरात गणेशविसर्जनाची रात्र ही झांक्यांची रात्र असते. महाराष्ट्रात ज्याला आपण देखावा म्हणतो, त्याला छत्तीसगडमध्ये झांकी म्हणतात. पुराणातील प्रसंग, अलीकडच्या घटना, हलणाऱ्या मूर्ती आणि त्यांवर केलेली रंगीबेरंगी रोषणाई वाहनांवर मांडून रात्रभर शहरातून मिरवली जाते. राजनांदगावच्या मंडळांच्या झांक्याही या मिरवणुकीत सामील होतात. खारून नदीच्या महादेव घाटाकडे निघालेली ही मिरवणूक पाहण्यासाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक दाटीवाटीने उभे असतात आणि झांकी समोर येताच शेकडो हात वर जातात. प्रत्येक हातात मोबाइल असतो. त्यांतल्या कित्येक मोबाइलांच्या पाठीवर एक पांढरा दिवा लखलखत असतो.

हा दिवा झांकी उजळण्यासाठी लावलेला असतो, अशी लावणाऱ्याची समजूत असते. हजारो दिव्यांनी झगमगणाऱ्या त्या वाहनावर मोबाइलच्या एका ठिपक्याएवढ्या दिव्याचा कोणता परिणाम होणार? सूर्यापुढे काजवा म्हणतात, तशातला हा प्रकार. उजेड पडतो तो पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या मानेवर, त्याच्या खांद्यावरच्या मुलाच्या डोळ्यांवर आणि क्वचित झांकीवर बसलेल्या कलाकाराच्या तोंडावर. म्हणजे जे टिपायचे ते उजळत नाही आणि ज्यांचा त्याच्याशी संबंध नाही त्यांना मात्र त्रास होतो. अंधारात व्हिडिओ घेताना दिवा लावावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता यंत्राचा वाटतो. मला तो शेजारधर्माचा प्रश्न वाटतो. आपण लावलेला उजेड ज्याच्यावर पडतो त्याला तो हवा आहे का, हे विचारून मगच बोट त्या खुणेवर टेकवावे, असे माझे मत आहे.

आधी या दिव्याचे सामर्थ्य किती, ते पाहू. जुन्या कॅमेऱ्यांचा फ्लॅश विजेसारखा एक क्षण चमकत असे. छायाचित्राला तेवढा क्षण पुरतो. व्हिडिओ म्हणजे मात्र एकामागून एक घेतलेल्या चित्रांची माळ असते. साधारणपणे एका सेकंदात ३० चित्रे. त्यामुळे तेथे सतत जळणारा दिवा लागतो, आणि सतत जळायचे म्हणजे मंद जळणे आले, नाहीतर तो इवलासा दिवा तापून जाईल. शिवाय प्रकाशाचा एक नियम आहे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा न होता चौथा हिस्सा उरतो. अंतर दहापट झाले की शंभरावा हिस्सा. १ मीटरवर चेहरा चांगला उजळणारा दिवा १० मीटरवर जवळजवळ निरुपयोगी ठरतो तो यामुळे. नाट्यगृहाच्या पंधराव्या रांगेतून रंगमंचावर मोबाइलचा उजेड टाकणारा माणूस पुढच्या चौदा रांगांना त्रास देण्यापलीकडे काही साधत नाही.

मग रात्रीचे चित्रण इतके दाणेदार, गढूळ का दिसते? कारण प्रत्येक चित्राला उजेड गोळा करण्यासाठी सेकंदाच्या तिसाव्या भागाहून अधिक वेळ मिळतच नाही. रात्रीचे छायाचित्र घेताना मोबाइल एखादा सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ उजेड साठवत राहतो. व्हिडिओला ती सवड नसते. म्हणूनच एका सेकंदात ६० चित्रे घेण्याची सोय रात्री बंद ठेवावी आणि ३० वरच समाधान मानावे. भिंग रुमालाने पुसून घ्यावे. बोटांचा तेलकटपणा राहिला तर प्रत्येक दिव्याभोवती धुक्यासारखे वलय दिसते. चित्र मोठे करण्यासाठी पडद्यावर बोटे ताणण्यापेक्षा शक्य असेल तर दोन पावले पुढे जावे. घरातला समारंभ असेल तर खोलीतला आणखी एक दिवा लावणे हा सर्वांत सोपा उपाय. मोबाइलच्या दिव्यापेक्षा छताखालचा साधा दिवा कितीतरी बरा. मोबाइलचा दिवा भिंगाला खेटून असल्यामुळे त्याचा उजेड चेहऱ्यावर सरळ आदळतो, नाकाडोळ्यांच्या सावल्या नाहीशा होतात आणि ओवाळणाऱ्या बहिणीचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा सपाट दिसतो. धूळ, धूप किंवा पावसाचे थेंब हवेत असतील, तर भिंगाजवळचे ते कण आधी चकाकतात आणि मागचे सगळे हरवते. उजेडाची गरज असेलच, तर दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या मोबाइलचा दिवा बाजूने धरावा किंवा पांढऱ्या भिंतीवर टाकून त्याचा परतलेला मवाळ उजेड घ्यावा.

हा दिवा लावूच नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. छत्तीसगडला भाताचे कोठार म्हणतात. येथे धानाची सरकारी खरेदी साधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारी या काळात होते, आणि हे दिवस लवकर मावळण्याचे असतात. संध्याकाळी शेतकऱ्याचा क्रमांक लागतो, पोती काट्यावर चढतात आणि आकडा नीट दिसत नाही. अशा वेळी काट्यावरचा आकडा मोबाइलच्या दिव्यात टिपून ठेवणे हा त्या शेतकऱ्याचा हक्क आहे. वर्षभराच्या कष्टांचा तो हिशेब असतो. काचेवर उजेड सरळ टाकला तर तोच परतून आकडा पुसून टाकतो, म्हणून मोबाइल किंचित तिरपा धरावा, आधी आकडा, मग पोती, मग परिसर असे सलग चित्रण करावे. भाड्याच्या घरातील गळकी नळी, अंधाऱ्या जिन्यातील विजेचे मीटर, रात्रपाळीत बंद पडलेले यंत्र, यांचेही तसेच. वस्तू हाताच्या अंतरावर आहे, ती निर्जीव आहे आणि टिपण्याचे कारण सच्चे आहे, तेथे हा दिवा चांगला सेवक आहे.

माणसाची गोष्ट वेगळी आहे. रंगमंचावर उभा असलेला नट अंधारातील प्रेक्षकांकडे पाहून बोलत असतो. त्या अंधारामुळेच त्याला एकाग्रता लाभते. छत्तीसगडची ‘नाचा’ ही लोककला रात्रभर चालते. एके काळी ती मशालींच्या आणि नंतर गॅसबत्तीच्या उजेडात रंगत असे. हबीब तन्वीर हे रायपूरचे. त्यांचा जन्म १९२३ साली येथेच झाला. त्यांनी नाचाच्या कलावंतांना घेऊन १९७५ साली ‘चरणदास चोर’ हे नाटक उभे केले आणि १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात ते गौरवले गेले. त्या कलावंतांना उजेडाची कमतरता ठाऊक होती, पण प्रेक्षकांतून डोळ्यांत घुसणारा उजेड त्यांना ठाऊक नव्हता. मशाल रंगमंचासाठी असे; आजचा दिवा प्रेक्षकाच्या स्वतःच्या संग्रहासाठी असतो. हा फरक लहान नाही.

रायपूरच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. मातृभाषेपासून दूर राहिलेल्या कुटुंबांना मराठी नाटकाचा एखादा प्रयोग म्हणजे माहेरचा निरोप वाटतो. तो जपून ठेवावा, गावाकडे राहिलेल्या आजीला दाखवावा, ही इच्छा मी समजू शकतो. परंतु नाटक हे नटाचे आणि लेखकाचेही असते. त्यांच्या अनुमतीशिवाय त्याचे चित्रण करणे मुळातच गैर, आणि दिवा लावून करणे हे दुहेरी गैर. मोबाइलच्या त्रासाला मराठी नट किती कंटाळले आहेत, हे २०१९ साली दिसून आले. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात ‘नॉक नॉक सेलिब्रिटी’चा प्रयोग सुरू असताना प्रेक्षकांतील मोबाइल वाजत राहिले, म्हणून सुमीत राघवन यांनी प्रयोग थांबवला. तेथे त्रास आवाजाचा होता. उजेडाचा त्रास त्याहून कमी मानण्याचे कारण मला दिसत नाही. आवाज निदान क्षणात विरतो, दिवा मात्र चित्रण संपेपर्यंत डोळ्यांत रोखलेला राहतो.

ज्यांना ‘दिवा बंद करा’ असे सांगताच येत नाही, अशा जीवांकडेही पाहिले पाहिजे. बस्तरमध्ये जगदलपूरजवळ कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान आहे. १९८२ साली घोषित झालेल्या या उद्यानात कुटुमसर नावाची चुनखडकाची गुहा आहे. तिच्या आतल्या भागात सूर्याचा किरण कधीही पोहोचत नाही. तेथील पाण्यात लहान मासे राहतात. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहिल्यामुळे त्यांचे डोळे खुरटले आहेत आणि अंगाचा रंगही फिका पडला आहे. गुहेत वटवाघळे आहेत, गुहेतच जगणारा एक रातकिडाही आहे. या माशांच्या दिनक्रमाचा आणि प्रकाशाला ते देत असलेल्या प्रतिसादाचा अभ्यास रायपूरच्याच पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठातील संशोधकांनी केला आहे. पावसाळ्यात गुहेत पाणी शिरते, म्हणून ती बंद ठेवतात. इतर दिवसांत वाटाड्याबरोबर दिव्याच्या उजेडात आत जाता येते. वाटाड्याचा दिवा पायाखालची वाट दाखवण्यासाठी असतो आणि तो पुरेसा असतो. त्यात आणखी वीस मोबाइलांचे दिवे मिसळले, तर छताला टांगलेल्या वटवाघळांची झोपमोड होते आणि माशांच्या डबक्यावर एकदम दुपार उगवते.

उजेड आणि माणसांची वर्दळ यांनी गुहेचे काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधील लास्को येथे आहे. १९४० साली तेथे हजारो वर्षांपूर्वीची भित्तिचित्रे सापडली. पाहणाऱ्यांची रीघ लागली. लोकांच्या श्वासाने आणि दिव्यांच्या उजेडाने भिंतींवर हिरवे शेवाळ धरू लागले, तेव्हा १९६३ साली ती गुहा लोकांसाठी बंद करावी लागली.

आपल्याकडे अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. रायपूरच्या दूधाधारी मठातही भोसलेकालीन भित्तिचित्रे आहेत, हे सांगताना येथील मराठी माणसाला थोडा अभिमान वाटतो. माझ्या एका दिव्याने त्या चित्राचे काय बिघडणार, असे कोणी विचारील. एका दिव्याने दिसण्याजोगे काही बिघडत नाही, हे खरेच आहे. पण प्रकाशाने रंगांची होणारी झीज साचत जाते; ती भरून निघत नाही. त्या भिंतीपुढे आपण एकटेच उभे राहणार नसतो. आपल्यामागे रांग असते आणि रांगेतल्या प्रत्येकाचा दिवा ‘एकच’ असतो.

या विषयातील सर्वांत कठीण जागा मी मुद्दामच शेवटी ठेवली आहे. रात्री महामार्गावर अपघात होतो. पथदिवे नसतात. जखमी माणूस कडेला पडलेला असतो आणि त्याच्याभोवती जमलेल्यांपैकी दोघातिघांचे मोबाइल पेटलेले असतात. त्या पांढऱ्या उजेडात रक्त दिसते, फाटलेले कपडे दिसतात, वेदनेने वाकडे झालेले तोंड दिसते, आणि हे सारे घरी पोहोचण्याआधी त्याच्या नातलगांच्या मोबाइलवर पोहोचते. या माणसाला उजेड हवा असतो, फार हवा असतो. फक्त तो चित्रणाचा नको असतो. कायद्याची भीती वाटते म्हणून हात लावला नाही, असे पूर्वी लोक सांगत आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते. आता मात्र तसे म्हणता येत नाही. मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आखलेल्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बंधनकारक केले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४ अ हे कलम आले. त्यानुसार सद्भावनेने, कोणताही मोबदला न घेता मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही.

अशा वेळी मोबाइलच्या दिव्याला पुष्कळ काम असते. वाहनांचे क्रमांक आणि रस्त्यावरची त्यांची स्थिती एकाने अर्ध्या मिनिटात टिपून घ्यावी. पोलिसांना त्याचा उपयोग होतो. जखमीचा चेहरा त्यात येऊ देऊ नये. दुसऱ्याने रक्त थांबवणाऱ्याच्या हातांवर बाजूने उजेड धरावा, जखमीच्या डोळ्यांवर येणार नाही असा. एकाने ११२ वर ठिकाण कळवावे. आणि चौथ्याने रस्ता सोडून कडेला, सुरक्षित जागी उभे राहून आपला दिवा उंच धरून हलवत राहावा, म्हणजे येणाऱ्या रुग्णवाहिकेला जागा दुरून सापडेल.