मसलतीतून मिळालेली सत्ता

ट्यूडरकालीन इंग्लंडात लोहाराचा मुलगा टॉमस क्रॉमवेल आठव्या हेन्रीचा प्रमुख सल्लागार झाला, आणि १५४० मध्ये त्याच राजाच्या राजवटीत त्याचा शिरच्छेद झाला. मराठी राज्यात अशाच महत्त्वाकांक्षी चढणीचे, पण वेगळ्या शेवटाचे उदाहरण म्हणजे बाळाजी विश्वनाथ भट. श्रीवर्धनच्या देशमुखी, म्हणजे परगण्याच्या वंशपरंपरागत वसुलीच्या, घराण्यातील या कारकुनाला शाहू महाराजांनी प्रथम सेनाकर्ते, अर्थात सैन्याची उभारणी करणारा, हे पद दिले.

बाळाजींची खरी परीक्षा १७१३ मध्ये झाली. शाहूंच्या प्रतिस्पर्धी ताराबाईंच्या पक्षाचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले, तेव्हा शाहूंनी मांजरी येथे बाळाजींना पेशवाईची वस्त्रे दिली आणि त्यांना आंग्रे यांच्याकडे धाडले. बाळाजींनी तलवारीऐवजी मसलतीचा मार्ग धरला: आंग्रे यांनी शाहूंचे छत्रपतिपद मान्य केले आणि पिंगळ्यांना सोडले, तर बदल्यात सरखेलपद, म्हणजे आरमाराचे आधिपत्य, व अनेक किल्ले त्यांच्याकडे राहिले. मुंबईच्या समुद्रावर इंग्रजांना पुढे दीर्घकाळ आंग्रे यांचा धाक वाटत राहिला, त्याची एक बाजू या तहात आहे.

१७१९ मध्ये दिल्लीहून बाळाजींनी चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा), सरदेशमुखी (दहावा हिस्सा) यांच्या सनदा आणि मुघलांच्या दीर्घ कैदेतून सुटलेल्या शाहूंच्या आई येसूबाई, असे दोन्ही आणले. रणांगणापेक्षा ही कामगिरी मोठी मानावी लागते. १७२० मध्ये सासवडला त्यांचे निधन झाले आणि शाहूंनी पेशवेपद त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला, बाजीरावाला दिले.