सोसणें आणि सांगणें

एका भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचे चिरंजीव सहकुटुंब अमेरिकेंत असतात. सूनबाई बाजारांत गेल्या असतां एका अनोळखी गृहस्थानें ‘आपल्या देशीं परत जा’ असें त्यांना हिणविलें. घरांतील वडील मंडळींचें म्हणणें, परक्या मुलखांत तोंड मिटून राहावें. भगिनी विचारतात, हें योग्य काय?

वडिलांची काळजी आम्ही जाणतों. परंतु मुकाट्यानें सोसलेला अपमान जगाच्या लेखीं घडलेलाच नसतो. २०२० सालीं कोरोनाची साथ येतांच अमेरिकेंतील चिनी व इतर आशियाई लोकांवर शिवीगाळ आणि हल्ले होऊं लागले. तेव्हां मार्च महिन्यांतच कॅलिफोर्नियांतील दोन लोकसंस्था व सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाचा एक विभाग यांनीं मिळून ‘स्टॉप एएपीआय हेट’ हा उपक्रम काढिला. काम साधें : ज्याला जें सोसावें लागलें तें त्यानें आपल्या भाषेंत लिहून कळवावें. दोन वर्षांत ११ हजारांहून अधिक घटनांची नोंद झाली. तींत शाब्दिक छळाच्याच घटना बहुसंख्य, आणि सांगणारांत स्त्रिया अधिक. मे २०२१ मध्यें अशा गुन्ह्यांची नोंद सुलभ करणारा कायदाहि झाला. ओकलंडच्या चिनी वस्तींत तर त्याच वर्षीं निरनिराळ्या वंशांचे स्वयंसेवक वृद्धांना बाजारहाटास सोबत करूं लागले.

हा प्रश्न चिनी लोकांपुरताच आहे असें कोणीं समजूं नये. १९८७ सालीं जर्सी सिटींत आपल्या स्त्रियांच्या कपाळावरील कुंकवावरूनच ‘डॉटबस्टर्स’ असें नांव घेऊन कांहीं टवाळांनीं भारतीयांना छळिलें होतें.

आणि आपलें घर तरी निर्दोष कोठें आहे? २०२० सालींच आपल्या शहरांतून ईशान्य भारताच्या मुलामुलींना केवळ चेहऱ्यावरून ‘कोरोना’ म्हणून हिणविण्यांत आलें. दूरदेशीं सुनेच्या अपमानानें व्यथित होणाऱ्या घरानें शेजारीं राहणाऱ्या मणिपुरी मुलीचीहि विचारपूस करावी. त्यावांचून आपल्या तक्रारीस वजन येणार नाहीं.

भगिनींना आमचें सांगणें एवढेंच : सूनबाईंनीं दिवस, स्थळ व शब्द लिहून ठेवावे आणि योग्य ठिकाणीं कळवावे. आपण मात्र ‘गप्प रहा’ म्हणण्यापूर्वीं ‘काय झालें तें मला सांग’ असें म्हणावें. पहिली नोंद घरांतच व्हावयाची असते.