पाठीवरची सॅक



नववीत असताना मी पहिल्यांदा राजगडावर गेलो. तेही मुक्कामाला! आठवडाभर सॅक भरत होतो. दोन स्वेटर, चार पुस्तकं, लाडवांचा डबा, बॅट-बॉलसुद्धा! "लागलं तर असावं" म्हणत एकेक वस्तू आत कोंबली.

गुंजवण्याहून चोरदरवाजाची वाट धरली. वाट चांगलीच चढणीची. अर्ध्यावरच खांदे भरून आले. पद्मावती माचीवर पोचेपर्यंत पायांत गोळे! पहाटे सगळे सुवेळा माचीवर सूर्योदय बघायला गेले आणि मी देवळात पाय चोळत बसलो. ज्यासाठी गेलो, तेच राहिलं.

निघताना आमच्या म्होरक्या दादाने माझी सॅक उपडी केली आणि तीन ढीग लावले. पहिला, वापरलेल्या वस्तूंचा. दुसरा, वापरल्या नाहीत पण हव्यातच अशांचा, म्हणजे टॉर्च, बँडेज वगैरे. तिसरा, उगाच वाहिलेल्यांचा. सांगा बघू, सर्वांत मोठा कोणता? बरोब्बर!

हे आठवलं माझ्या भाचीमुळे. ती आठवीत आहे. तबला म्हणजे तिचा जीव की प्राण. पण हल्ली क्लासात तिला डुलक्या यायच्या. एकदा सर म्हणाले, "तुला आता आवड राहिली नाही वाटतं." घरी येऊन पोरगी ढसाढसा रडली.

आम्ही कागद घेतला. दिवसाचे तास २४. झोप ९, कारण १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असं डॉक्टर सांगतात. शाळा आणि येणं-जाणं ७. आंघोळ, जेवणखाण २. अभ्यास २. झाले २०. उरले ४. आणि तिच्या मंगळवारी तबला, कराटे, गिटार आणि मधली धावपळ मिळून साडेपाच तास! मग वरचा दीड तास आला कुठून? झोपेतून!

मग तीन ढीग लावले. बाईसाहेबांनी गणित हळूच तिसऱ्या ढिगात सरकवलं. मी ते उचलून दुसऱ्यात ठेवलं! गिटार तिसऱ्यात गेली. कराटे टाकताना मात्र तिचा हात थांबला. जिवलग मैत्रीण तिथे होती ना!

"मामा, आईला कोण सांगणार? फी भरलीय."

"तूच. कागद दाखव."

आईने कागद बराच वेळ पाहिला. म्हणाली, "फी भरली आहे तेवढा महिना पुरा कर. मग बंद."

कराटेची मैत्रीण तिला अजून आठवते. पण परवा तिने सरांपुढे अख्खा कायदा न चुकता वाजवला.

मीही पुढे राजगडावर पुन्हा गेलो, निम्मं ओझं घेऊन. सुवेळा माचीवरचा सूर्योदय पाहिला एकदाचा!

येत्या रविवारी तुम्हीही कागद घ्या आणि तीन ढीग लावा. फक्त गणित कुठे ठेवता, त्यावर माझं लक्ष आहे हं!