हातांना शिकू द्या

बडोदे शहरात गोरवा नावाचा भाग आहे. एके काळचे हे खेडे आज शहरात पुरते मिसळून गेले आहे. लहानमोठ्या कारखान्यांची औद्योगिक वसाहत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि लगतचा अलेंबिकचा जुना परिसर यांमुळे हे नाव बडोदेकरांच्या तोंडी असते. या अलेंबिकच्या जन्मकथेचा आणि आजच्या शाळकरी मुलांनी संगणकावर खेळ रचावेत की नाही या प्रश्नाचा जवळचा संबंध आहे, असे आम्ही म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. तथापि तो संबंध आहे, आणि तो गोमंतकातील पालकांनी व शिक्षकांनी ध्यानी घ्यावा असा आहे.

सयाजीराव महाराजांनी 1890 साली बडोद्यात कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपविली. रंगविद्या, यंत्रविद्या, सुतारकाम, चित्रकला यांचे शिक्षण तेथे प्रत्यक्ष काम करून घ्यावयाचे होते. इंग्रजीच्या उंबरठ्यावर मुले अडू नयेत म्हणून तांत्रिक विषय देशी भाषेतून शिकविण्याचा आग्रह गज्जरांनी धरला. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. याच गज्जरांनी प्रा. कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्यासह 1907 मध्ये अलेंबिकचा पाया घातला. आधी शाळेतले हात तयार झाले आणि मग कारखाना उभा राहिला, हा क्रम विसरता कामा नये.

आज आपण तो क्रम पुन्हा जुळवू पाहत आहोत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना हस्तव्यवसायाची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस द्यावेत असे सुचविले. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत 2016 पासून दहा हजार शाळांना प्रयोगशाळा मिळाल्या. प्रत्येक शाळेला पाच वर्षांत वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान. आणखी पन्नास हजार प्रयोगशाळांची घोषणा 2025 च्या अर्थसंकल्पात झाली. गोव्याने 2021 मध्ये सहावी ते आठवीसाठी कोडिंग व रोबोटिक्सची स्वतंत्र योजना आखली. या सर्वांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण स्वागत करून थांबलो तर आमचे कर्तव्य पुरे होणार नाही.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करू. अनेक पालक विचारतात, मुले आधीच मोबाइलवर खेळत बसतात. आता शाळेनेही खेळच शिकवावेत काय? ही काळजी खोटी नव्हे. परंतु खेळणे आणि खेळ रचणे यांत भोजन करणे आणि स्वयंपाक करणे यांच्याइतके अंतर आहे. आपल्या पूर्वजांचा मोक्षपट पाहा. परंपरा त्याचा संबंध थेट ज्ञानेश्वर माउलींशी जोडते. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप मांडून कोणा कल्पक बुद्धीने कर्मविचार पटावर उतरविला. एखाद्या मुलीला पुठ्ठा आणि रंग देऊन तसा पट करावयास सांगितले, तर पहिल्याच दिवशी तिला कळते की साप फार झाले तर कोणी घरी पोहोचत नाही आणि शिड्या फार झाल्या तर खेळात राम उरत नाही. हे तोलणे म्हणजेच संभाव्यतेचे गणित. ते फळ्यावर जितके रुक्ष वाटते, तितके पटावर वाटत नाही.

हेच काम संगणकावर करता येते. सीमोर पॅपर्ट यांनी 1967 मध्ये सहकाऱ्यांसह मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा रचली. 2007 मध्ये त्याच परंपरेतून अमेरिकेतील एमआयटीत स्क्रॅच आली. तीत रंगीत ठोकळे जोडून मूल आपला खेळ उभा करते. आमच्या किनाऱ्यावरच्या मुलांनी मासेमारीचाच खेळ रचला तर? जून-जुलैची बंदी मोडून जाळे टाकणाऱ्याला आज मासळी अधिक, पण पुढल्या हंगामात समुद्र रिकामा, असा नियम मुलाने स्वतः घातला, तर पर्यावरणाचा जो धडा तो शिकेल तो पाठांतराने येणार नाही.

आता गैरसोयीचे बोलू. आमच्या शाळांत विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री काय घडते, हे कोणत्या घराला ठाऊक नाही? बाबा थर्माकोल कापतात, आई रंग देते, तयार ‘प्रोजेक्ट’ दुकानातून येतो आणि मूल त्यावरची चिठ्ठी पाठ करते. बक्षीसही मिळते. नव्या योजनांनाही हीच कीड लागण्याची भीती आहे. परदेशी बनावटीचा संच, सोबतचे छापील टप्पे, अखेरीस हलणारा यंत्रमानव, पाहुण्यांसमोर टाळ्या, आणि नंतर कपाटाला कुलूप. कारण एखादा सुटा भाग हरवला तर भरपाई कोणी द्यावयाची? असे होईल तेथे मुलांनी तंत्रविद्या शिकली असे म्हणता येणार नाही. त्यांनी केवळ सूचनांचे पालन केले.

दुसरी वाट महाराष्ट्रातच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुले आठवड्यातून एक दिवस लोखंडकाम, वीज, शेती आणि गृह-आरोग्य यांत काम करतात. गावाला उपयोगी पडतील अशा वस्तू व सेवा पुरवतात. तेथे काम खोटे असून चालत नाही. जोडलेले दार बसले नाही तर घरमालक सांगतोच. अरविंद गुप्ता यांनी तर आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि टाकाऊ बाटल्या यांतून विज्ञान शिकविता येते, हे पुण्याच्या आयुकातून साऱ्या देशाला दाखविले. त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्यांची खेळणी किती वर्गांत पोहोचली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

म्हणून शासनाकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रयोगशाळेची किल्ली शिक्षकाच्या हाती असावी आणि मोडतोडीसाठी अनुदानातच तरतूद असावी. शिक्षकाला आठवड्यातील निश्चित तास या कामासाठी मोकळे मिळावेत. जनगणना, निवडणूक यांच्या रगाड्यात ते हरवू नयेत. मार्गदर्शन मराठी-कोंकणीतून मिळावे. परीक्षकाने तयार वस्तूला गुण देण्याऐवजी मुलाची वही पाहावी: कोठे अडले, काय बिघडले, कसे दुरुस्त केले. गावचा सुतार, होड्या दुरुस्त करणारा मिस्त्री, रेडिओ उघडणारा कारागीर यांना मानधन देऊन शाळेत बोलवावे. आणि मुलींना यंत्राजवळ पहिल्या रांगेत जागा मिळावी, ‘वही तू लिही’ म्हणून मागे बसविले जाऊ नये.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाची होडी बुडाली, दिवा पेटला नाही, खेळ मध्येच अडला, तरी हात पुढे करण्याची घाई करू नये. गज्जरांच्या काळी हाताने काम करणे भल्या घरच्या मुलाला कमीपणाचे वाटे. आज ते कमीपणाचे वाटत नाही, पण गुणपत्रिकेपुढे निरर्थक वाटते. फरक फारसा नाही. आज गोरव्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या मुलांना आणि आमच्या मांडवीकाठच्या मुलांना एकच संधी हवी आहे: चुकण्याची, आणि आपली चूक आपणच दुरुस्त करण्याची. तिला खर्च फार नाही. शाळेने तेवढा वेळ आणि मोठ्यांनी तेवढा धीर द्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे.